बोर्डो मिश्रणाच्या मुलखात पाच दिवस

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला ‘बोर्डो’ म्हटलं की बुरशीवर फवारायचं मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं निळं पाणी आठवतं. वाइन पिणाऱ्याला आठवते ती दोन-चार जातींची द्राक्षं मिळून झालेली लाल वाइन. दोन्ही मिश्रणंच, आणि दोन्ही फ्रान्सच्या एकाच पट्ट्यातली. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या एकत्र येऊन जिरोंदची खाडी होते, तिच्या डाव्या काठावरचा हा पट्टा म्हणजे मेदोक. त्यातल्या ‘शातो मार्गो’ या द्राक्ष-वाइनच्या जुन्या वाडीभोवती हे पाच दिवस आखले आहेत. दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातले. तेव्हा वेली फुलोऱ्यात असतात आणि तळघरात आधीच्या दोन हंगामांची वाइन पिंपांत असते. सप्टेंबरात द्राक्षतोडणी पाहायला जावं असं कुणालाही वाटेल, पण नेमकी तेव्हाच मोठ्या वाड्यांची दारं पाहुण्यांना बंद असतात.

पहिला दिवस : बोर्डो शहर

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून वेगवान रेल्वे दोन तासांच्या जरा वर घेऊन बोर्डोच्या सें-जाँ स्टेशनात सोडते. विमानाने आलात तर मेरिन्याक विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते. मुक्काम केंकाँस चौकाच्या आसपास घ्यावा. तिथे अनेक ट्राम एकमेकींना भेटतात, त्यामुळे टॅक्सीची गरज पडत नाही.

दुपारी ‘सिते द्यु व्हँ’ हे २०१६ साली उघडलेलं वाइनचं संग्रहालय बघावं. आतले पडदे, वास आणि आवाज यांत तीन तास सहज जातात. त्यातला एखादा तास वाचवून आठव्या मजल्यावर जावं. तिकिटात एक पेला वाइन असते आणि तिथून नदीचं वळण दिसतं. एवढी रुंद, गढूळ, भरती-ओहोटीची नदी बघितली की इथला व्यापार जहाजांवर का उभा राहिला ते वेगळं सांगावं लागत नाही.

संध्याकाळी शार्त्राँ भागात चक्कर मारावी. वाइनच्या व्यापाऱ्यांच्या वखारी इथे होत्या. मोठ्या वाड्या आजही वाइन स्वतः विकत नाहीत. वाडी आणि व्यापारी यांच्यामध्ये दलाल असतो, त्याची दलाली साधारण दोन टक्के. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी वाड्यांची प्रतवारी मागितली गेली, तेव्हा ती या दलालांनीच केली. त्यांनी चव घेत बसण्याऐवजी वर्षानुवर्षं कोणाला काय भाव मिळाला ते बघितलं. पहिल्या प्रतीत तेव्हा चार नावं आली: लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. मूताँ या वाडीला पाचवं होण्यासाठी १९७३पर्यंत थांबावं लागलं. (आपल्या मराठवाड्यातल्या लातूरचा त्या लातूरशी संबंध नाही, हे प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी सांगावं लागतं.)

दुसरा दिवस : गारगोट्या आणि मोरचूद

सें-जाँवरून पोयाककडे जाणारी लोकल पाऊण ते एक तासात मार्गो गावाला पोचते. गाड्या कमी आहेत, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवावी. सायकल गाडीत नेता येते आणि मेदोक सपाट आहे, त्यामुळे सायकलीइतकं सोयीचं वाहन नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर आधी खाली बघावं. बागेत माती कमी आणि गोटे जास्त. लिंबाएवढे, सुपारीएवढे, पांढरे-पिवळे गुळगुळीत गोटे नद्यांनी डोंगरांतून वाहून आणून इथे टाकलेले आहेत. मार्गोचं वैभव या गोट्यांत आहे. बोर्डोला वर्षाकाठी सुमारे ९०० मिमी पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत उरकून न टाकता बारा महिने रेंगाळतो. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला आणि मुळांशी पाणी साचलं, तर मणी पाणी ओढतात, रस पातळ होतो, साल तडकते आणि कूज शिरते. गोट्यांतून पाणी झरझर निघून जातं, शिवाय गोटे तापतात. काबेर्ने सोविन्यों ही उशिरा पिकणारी जात या थंड समुद्री हवेत पिकते ती याच जोरावर. ओहोळाच्या बाजूला जमीन उतरत जाते तिथे चिकणमाती वाढते. ती ओल धरते आणि थंड राहते. तिथे लवकर पिकणारी मेर्लो लावतात. इथे जातींचं मिश्रण हौसेने सुरू झालं नाही. एकाच शिवारात दोन तऱ्हेची जमीन होती, म्हणून दोन तऱ्हेची द्राक्षं आली.

आपल्याकडचा बागायतदार इथे आला तर त्याला सगळं उलटं वाटेल. नाशकात नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या आसपास वेली आणि डोक्यावर मांडव. इथे दोन ओळींत एक मीटर, दोन वेलींत एक मीटर, म्हणजे हेक्टरी १०,००० वेली, एकरी चार हजार. वेल कमरेएवढी, घड गुडघ्याच्या खाली, गोट्यांची ऊब लागेल असे. ट्रॅक्टर ओळीतून जात नाही. उंच पायांचा ट्रॅक्टर ओळ पोटाखाली घेऊन चालतो. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. वेल वाढवायची खरड छाटणी आणि फळ धरायची गोडी छाटणी असा भेद नाही, कारण थंडीत वेल आपोआप झोपते. बुंध्यावर दोन काड्या ठेवून त्या दोन्हीकडे तारेला वाकवून बांधतात. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतात, तेही वेगळे. आपण डॉगरिज घेतो ते पाण्याचा ताण आणि क्षार सोसायला, वेलीला जोर यायला. इथे रिपारियासारखा मवाळ खुंट निवडतात, कारण जोर नकोच असतो. ठिबकच्या नळ्या कुठेच दिसत नाहीत. फळावर असलेल्या बागेला पाणी द्यायला इथल्या नियमांत साधारणपणे मनाई आहे.

फुलोरा बघण्यासारखा असतो असं म्हणवत नाही. हिरवट, बारीक, नजरेत न भरणारी फुलं. पण वर्षाचं अर्धं गणित याच दहा दिवसांत ठरतं. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत ढोबळमानाने शंभर दिवस धरतात. या काळात गार पाऊस लागला तर फुलगळ होते किंवा घडात मोठे-बारीक मणी मिसळून येतात, आपल्याकडे ‘शॉट बेरी’ म्हणतात तसे. मेर्लो यात सगळ्यात नाजूक. तिला फटका बसला तर त्या वर्षीच्या मिश्रणात तिचा वाटा सुरुवातीलाच कमी होतो.

दुपारी सायकलीने दक्षिणेला लाबार्दमधल्या शातो दोझाकला जावं. अंतर चार-पाच किलोमीटर. पाहुण्यांसाठी ही वाडी खुली असते, आधी वेळ ठरवावी. बोर्डो मिश्रणाचे पहिले पद्धतशीर प्रयोग इथे झाले. १८७८च्या सुमारास अमेरिकेतून डाऊनी, म्हणजे केवडा हा बुरशीचा रोग, फ्रान्सच्या बागांत आला. ऑक्टोबर १८८२मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे याला सें-झुलियँ गावात रस्त्याकडेच्या वेलींवर हिरवी पानं टिकलेली दिसली. आत मात्र सगळी पानगळ झाली होती. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा किळसवाणा निळा लेप मारायची तिथे रीत होती. चोरांसाठी मारलेलं औषध बुरशीला लागू पडलं. मियार्देने रसायनशास्त्रज्ञ गेयाँ आणि वाडीचा कारभारी एर्नेस्त दाव्हिद यांना बरोबर घेऊन दोझाकमध्ये प्रयोग केले आणि १८८५मध्ये कृती जाहीर केली.

ती कृती आजच्या मानाने राक्षसी होती: १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना. पिचकारी नव्हती, केरसुणीने शिंपायचे. आपण एक टक्क्याचं करतो, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. चुका मात्र तेव्हा होत त्याच आजही होतात. लोखंडी भांडं वापरलं की तांबं भांड्यावर बसतं. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं सोडून उलटं केलं की मिश्रण फुटतं आणि नोझल तुंबतं. चुना जुना असला की आम्लता उरते आणि पानं करपतात. सुरीचं पातं बुडवून बघायची युक्ती सुपारीच्या बागांत कोकण-गोव्यातले लोकही वापरतात: पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला. तांबं मातीतून जात नाही, साचतं. म्हणून युरोपीय संघाने २०१९पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. ओल्या वर्षी ती पाळताना सेंद्रिय बागायतदारांची दमछाक होते.

तिसरा दिवस : शातो मार्गो

भेटीची वेळ काही आठवडे, शक्यतो महिने आधी लिहून मागावी लागते. शनिवार-रविवार नाही, ऑगस्ट नाही, तोडणीत नाही. बांधकामाच्या काळातही नियम बदलतात, तेव्हा तारीख पक्की झाल्याशिवाय विमानाचं तिकीट या भेटीवर काढू नये. इथे बाटली विकत मिळत नाही.

चिनाराच्या कुळातल्या प्लेन झाडांच्या रांगांमधून सरळ रस्ता जातो आणि टोकाला खांबांची दर्शनी बाजू असलेला वाडा उभा. हाच लेबलावर छापलेला असतो. वास्तुकार लुई कोंब, काळ एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकातला, मालक मार्की द ला कोलोनिया. शेतीची घडी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेस्तोनाक घराण्याने धान्य सोडून वेलींकडे मोहरा वळवला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बेर्लाँ नावाच्या कारभाऱ्याने दोन नियम लावले: लाल आणि पांढरी द्राक्षं वेगवेगळी आंबवायची, आणि दव असताना पहाटे तोडणी करायची नाही, कारण दवाचं पाणी रसात जातं आणि रंग फिका होतो. आज दोन्ही गोष्टी इतक्या उघड वाटतात की कुणीतरी त्या पहिल्यांदा केल्या असतील हे लक्षातच येत नाही.

१९७०च्या दशकात वाडीची रया गेली होती. १९७७मध्ये ग्रीक वंशाच्या आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ती घेतली आणि नव्या पिंपांवर, निचऱ्यावर, तळघरावर पैसा ओतला. सल्ल्याला वाइनतज्ज्ञ एमिल पेनो होते. १९८०मध्ये कन्या कोरीन यांनी सूत्रं हातात घेतली, आणि १९८३ ते २०१६ पॉल पोंतालिए यांनी वाइन केली. २०१५मध्ये नॉर्मन फोस्टर यांनी आखलेलं नवं किण्वनघर उभं राहिलं. जुन्या कौलारू छपरांशी ते इतकं मिळतंजुळतं आहे की बाहेरून चटकन लक्षात येत नाही. नव्या इमारतीतली खरी सोय छपरात नसून टाक्यांच्या आकारात आहे. टाक्या लहान आणि पुष्कळ, म्हणजे प्रत्येक तुकड्याची वाइन वेगळी ठेवता येते. वेगळी ठेवली तरच पुढे निवडता येते.

प्रक्रिया अशी. घड हाताने तोडून देठ काढतात, कच्चे-सडके मणी वेचतात. मणी टाकीत पडले की साखरेची दारू होते. दर लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असली की एक टक्का अल्कोहोल, हा हिशेब लक्षात ठेवावा. २२० ग्रॅमची द्राक्षं म्हणजे १३ टक्के. रंग आणि तुरटपणा सालीत असतो, म्हणून सालींसह रस तीनएक आठवडे ठेवतात. तापमान तिशीच्या आत. तिशीच्या बरंच वर गेलं तर यीस्ट मरतं, साखर अर्धवट राहते आणि त्या साखरेवर नको ते जीवाणू पोसतात. मग व्हिनेगरचा वास येतो आणि टाकी गेली. निथळून येते ती मुख्य वाइन. उरलेल्या साली दाबून निघते ती दाबाची वाइन, जाड आणि तुरट. ती वेगळी ठेवतात, टाकत नाहीत. पुढच्या मिश्रणात तिचं काम आहे.

मिश्रण हिवाळ्याच्या शेवटी बसवतात. प्रत्येक तुकड्याचा नमुना मेजावर, शेजारी काचेची मापनळी. शंभर मिलिलिटरच्या नळीत एक मिलिलिटर म्हणजे एक टक्का, हिशेब सोपा. सुरुवात उत्तम गोट्यांवरच्या काबेर्ने सोविन्योंपासून होते. तो कणा: रंग, तुरटपणा, टिकाऊपणा. त्यात मेर्लो घालून बघायची. ती मधला भाग भरते, तोंडात गोलाई आणते, पण उन्हाळा कडक असला की तिची साखर फार चढते आणि वाइन जड, तापट लागते. काबेर्ने फ्रां वासासाठी. पती व्हेर्दो सगळ्यांत उशिरा पिकते, काही वर्षी पिकतही नाही. पिकली तर एक-दोन टक्क्यांत रंग आणि मसालेदारपणा देते, पाच टक्के घातली तर बाकीच्यांना बोलू देत नाही. शेवटी दाबाची वाइन, थेंबाथेंबाने. प्रत्येक मिश्रण नाव झाकून चाखायचं आणि आधीच्यापेक्षा बरं झालं नसेल तर ती भर रद्द.

आता आकडे बघा. सुमारे ८० हेक्टर लाल बागेत काबेर्ने सोविन्यों तीन-चतुर्थांश आणि मेर्लो एक-पंचमांश. पण २०१५च्या पहिल्या, म्हणजे वाडीच्या सर्वोत्तम, वाइनमध्ये काबेर्ने ८७ टक्के, मेर्लो ८, काबेर्ने फ्रां ३, पती व्हेर्दो २. २०१६मध्ये काबेर्ने थेट ९४, काबेर्ने फ्रां ३, मेर्लो फक्त २, पती व्हेर्दो १. म्हणजे बागेतल्या पाचातल्या एका वेलीचं फळ त्या बाटलीत जवळपास नाहीच. एकूण पिकापैकी पहिल्या वाइनमध्ये गेलं २०१५ला ३५ टक्के, २०१६ला २८ टक्के. उरलेलं ‘पाव्हियों रूज’ या दुसऱ्या वाइनमध्ये, त्यातून उरलेलं तिसऱ्यात, आणि काही मोकळं विकून टाकलेलं. ‘अमुक जात इतके टक्के’ अशी कृती शोधत इथे येणारा चुकतो. मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवता येतं, कारण धणे दरवर्षी धणेच असतात. इथे धणे दरवर्षी बदलतात. मार्गोची वाइन घालण्यापेक्षा गाळण्यातून होते, आणि हे गाळणं ज्यांना परवडतं ते फार थोडे.

नंतर पिंपांचं तळघर. पहिल्या वाइनसाठी सगळी पिंपं नवी, फ्रेंच ओकची, प्रत्येकी २२५ लिटर, म्हणजे ३०० बाटल्या. वाडीचा स्वतःचा पिंपकार आहे आणि गरजेची काही पिंपं तो इथेच बांधतो. फळ्या उघड्यावर दोन-तीन वर्षं पाऊस खात मुरतात, कडवटपणा धुऊन जातो, मग विस्तवावर वाकवून आतून भाजतात. भाजणी जास्त झाली की वाइनला जळका वास येतो आणि तो कशानेही जात नाही.

पहिल्या वर्षी पिंपाचं तोंड वर आणि त्यावर काचेचं बूच. लाकडातून वाइन उडत राहते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा पिंप काठोकाठ भरतात. मोकळी जागा राहिली की हवा, आणि हवा म्हणजे व्हिनेगर. दुसऱ्या वर्षी लाकडी बूच ठोकून पिंप थोडं कलतं करतात, तोंड कुशीवर येतं आणि बूच ओलं राहून घट्ट बसतं. दर तीन महिन्यांनी वाइन गाळावरून दुसऱ्या पिंपात उतरवतात. समोरच्या लहान भोकाची खुंटी काढायची, धारेखाली पेला धरायचा, मागे मेणबत्ती. धार गढूळ झाली की तिथेच थांबायचं. रिकामं पिंप धुऊन त्यात गंधकाची चकती जाळतात. यात हयगय झाली की ब्रेट नावाचं यीस्ट लाकडात घर करतं आणि वाइनला तबेल्याचा वास येतो.

शेवटी अंडी. एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचं पांढरं फेटून घालतात. त्यातली प्रथिनं उग्र तुरटपणाला धरून तळाशी बसतात आणि वाइन मऊ, नितळ होते. अंडं वर्ज्य असणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पिवळ्या बलकांचं काय करायचं या प्रश्नातून बोर्डोचा कानले हा रमयुक्त, बाहेरून काळपट कुरकुरीत केक जन्मला असं सांगतात.

शेवटी एखादा पेला मिळाला तर शेजारी पिकदाणीसारखं भांडंही असतं. त्यात थुंकायला लाजू नये, जाणकार तेच करतात. पिंपातली कोवळी वाइन तोंड आवळते. त्यात आनंद शोधायचा नसतो, तुरटपणा बारीक वाळूसारखा आहे की करवतीसारखा हे बघायचं असतं. ढोबळी मिरचीचा वास आला तर काबेर्ने कच्चा तोडला गेला असं समजावं.

चौथा दिवस : सें-झुलियँ आणि पोयाक

मार्गोवरून उत्तरेला डी-२ रस्ता पोयाकपर्यंत जातो, वीस-बावीस किलोमीटर. गाडी घेतली तर चालवणाऱ्याने दिवसभर थुंकायचंच. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. सें-झुलियँच्या वेशीवर मियार्देचा रस्ता डोळ्यांसमोर आणावा. निळी पानं आता नाहीत, पण बागा तशाच रस्त्याला चिकटून आहेत. पोयाकच्या अलीकडे बाज ही वस्ती आहे. तिथे पाव, जेवण आणि बाटल्यांचं दुकान मिळतं. लँश-बाज ही वाडी भेटीसाठी मार्गोपेक्षा कितीतरी सोपी. जमेल तर त्याच दिवशी मार्गो आणि पोयाक गावांची एकेक वाइन शेजारी ठेवून चाखावी. जाती त्याच, पण पोयाकचे गोटे अधिक खोल आणि वाइन अधिक रुंद खांद्यांची. मार्गोची सडपातळ, वासाला पुढे. संध्याकाळी पोयाकवरून लोकलने परत.

पाचवा दिवस : खरेदी

पहिल्या प्रतीची बाटली काही शे युरोंच्या खाली मिळत नाही. चव समजून घ्यायची असेल तर मार्गो गावाच्या इतर वाड्यांची आठ-दहा वर्षं जुनी बाटली घ्यावी. नेहमीच्या ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या भारतात शुल्काविना आणता येतात, मर्यादा दोन लिटरची. सामानात कपड्यांत गुंडाळून मधोमध ठेवाव्यात. घरी आल्यावर आठवडाभर आडवी ठेवून विसरून जावं, प्रवासाने हललेला गाळ बसू द्यावा. उघडण्याच्या आदल्या दिवशी उभी करावी. मेणबत्तीसमोर धरून हळू ओतावी, मानेत गाळाची रेघ दिसली की थांबावं, पिंपाजवळ थांबतात तसं.

मिश्रणाचा खेळ घरी करायला नाशिकची एकेरी जातीची काबेर्ने आणि मेर्लो पुरते. शंभर मिलिलिटरची मापनळी, चार सारखे पेले: ०, ५, १० आणि २० टक्के मेर्लो. पेल्यांच्या तळाला चिठ्ठ्या लावून दुसऱ्याला फिरवायला सांगावं.

आणि ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हे ऐकून फसू नये. ती खोली फ्रान्समधली, जाड दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात तीस अंशांची वाइन नुसती दारूच लागते. फ्रिजमध्ये थोडी गार करून मग ओतावी.